मुडद्याचं बारसं

ता. ९ फेब्रुवारी, रविवार, दुपारचे दोन. स्थळ: दिगंबरराव गार्ड यांची बैठकीची खोली, पूर्णा. हजर: दिगंबरराव, त्यांच्या पत्नी सुमनकाकू, स्टेशनरोडवरचे टीव्ही दुरुस्तीवाले सलीमभाई आणि मी. गैरहजर: एक. पिक्चर: तीन नंबर.

ही नोंद माझ्या वहीतली आहे. मी कन्याशाळेत मुख्य लिपिक आहे आणि दिगंबररावांच्या भिंतीला भिंत लावून राहते. त्यांच्याकडे दर रविवारी मेलेल्या माणसांना उठवण्याचे जुने, स्वस्तातले भुताचे पिक्चर लागतात, आणि हजेरी लिहिल्याशिवाय त्यातला एकही सुरू होत नाही. पस्तीस वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून काढलेला माणूस. "जर्नल भरल्याबिगर गाडी हालत न्हाई, मॅडम," असं म्हणून त्यांनी पहिल्याच रविवारी वही माझ्या मांडीवर ठेवली. नोंदीत 'गैरहजर: एक' हे मात्र त्यांच्या सांगण्यावरून लिहायचं. तो एक कोण, हे विचारलं की म्हणायचे, "लिहा तर. नाव मागून भरू."

आता मुख्य गोष्ट. या घरात त्या दिवसापर्यंत कोणी एकाही पिक्चरचा शेवट पाहिलेला नव्हता.

पिक्चर रंगात येतो. मुडदा हवेलीच्या दारात पोचतो, नायकाच्या हातात मशाल नाहीतर त्रिशूळ येतो, नायिका किंचाळायला तोंड उघडते. आणि दिगंबरराव खुर्चीतून उठतात, काखेतली लाल झेंडी सोडवतात आणि टीव्हीसमोर धरतात. सुमनकाकू व्हीसीआरचं बटण दाबतात. चित्र जातं.

"पुढं लाइन क्लिअर न्हाई," ते सांगतात. "चहा घ्या आन् घरी जा."

एकदा आमच्या मिस्टरांनी वाद घातला. म्हणाले, "अहो काका, दोन तास बसलो आम्ही. त्या मुडद्याचं शेवटी झालं काय?"

"काय व्हायचंय? हिंडायलाय अजून."

"पण मारतात ना त्याला?"

"तुमच्यासमोर मारला का? मग झालं तर."

मिस्टर पुन्हा आले नाहीत. मी जात राहिले, कारण रविवारी दुपारी दुसरं काही नसतं, आणि खरं सांगायचं तर मला ते पिक्चर आवडायला लागले होते. त्यातल्या चुकांची मी यादी ठेवते. पाच नंबरमध्ये वाऱ्यानं थडगं हलतं. सात नंबरमध्ये सांगाड्याच्या मानेची तार दिसते. अकरा नंबरमध्ये तांत्रिकाची दाढी निम्मी सुटते आणि तो मंत्र न थांबवता ती परत चिकटवतो. चार पिक्चरमध्ये एकच हवेली आहे, आणि एकात त्या शापित हवेलीच्या मागं कुणाची तरी स्कूटर उभी आहे.

दिगंबररावांना या चुकांशी देणंघेणं नाही. त्यांची हरकत एकच, आणि ती चौदाही कॅसेटींना लागू आहे. तांत्रिक लिंबं कापतो, धूर सोडतो, कवटीवर गुलाल टाकतो, जमीन दुभंगून मुडदा बाहेर येतो, की हे पुढं सरकून बसतात.

"उठवलं. बारसं कुठं केलं?"

पहिल्यांदा मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"मेलेला परत आला तर पहिलं त्याचं बारसं करावं लागतं," त्यांनी समजावलं. "पाळण्यात घालायचं, नाव ठेवायचं, घुगऱ्या वाटायच्या. मग घरात घ्यायचं. हे बेणं लिंबं घेऊन बसलंय. पाळणा कुठाय ह्याच्याकडं? बिननावाचा माणूस सोडला गावात. हिंडंल न्हाई तर काय करंल?"

भुताचे पिक्चर भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून का बघता, असंही मी विचारून पाहिलं. बाहेर भाजीवाली ओरडत असते, काकू मेथी निवडत असतात, आणि पडद्यावर कब्रस्तानात धुकं. "रात्र मी पस्तीस वर्षं ब्रेकव्हॅनमधी बसून बघितली," ते म्हणाले. "तिच्यात काय न्हाई. नुसती गार असती."

माणूस शिस्तीचा. कॅसेटी गव्हाच्या कोठीत, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या. बुरशी चढू नये म्हणून. इन्व्हर्टर घेतलाय तो टीव्ही आणि व्हीसीआरला. पंख्याला जोडलेला नाही. मे महिन्यात लाइट गेली की आम्ही घामानं निथळत मुडदा बघतो. त्यांची पेन्शनची कागदपत्रं मी एकदा लावून दिली, तेव्हा चाळीस वर्षांचा एकेक कागद क्रमानं होता. फक्त शाळा सोडल्याचा दाखला दुय्यम प्रत. दहावीचा मूळ दाखला ऐन नोकरीच्या वेळी घरातून गायब झाला आणि दुसरा काढायला मूळ गावी, ताडकळसच्या शाळेत खेटे घालावे लागले. ते दुःख अजून ताजं आहे. "उंदरानं नेला," ते म्हणतात. "लोखंडी पेटीतून. उंदीरच म्हणायचा त्याला, दुसरं काय."

तो गैरहजर एक कोण, हे मला वर्षभरानं कळलं. दिगंबररावांनी नाही, काकूंनी सांगितलं, मेथीच्या काड्या मोडता मोडता.

दिगंबररावांना एक धाकटा भाऊ होता, रंगनाथ. सतराव्या वर्षी तो ताडकळसहून निघून गेला. भांडण नाही, चिठ्ठी नाही. नववी नापास पोरगं, पिक्चरचं वेड. मुंबईला गेला असेल, असं सगळे धरून चालले. बारा वर्षं काही कळलं नाही. मग वडिलांनी अंथरूण धरलं आणि एकच लावून धरलं: रंग्याला वाट द्या. आपल्याकडे रीत आहे. बारा वर्षं बेपत्ता माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. नदीकाठी तो विधी झाला. अग्नी थोरल्या भावानं द्यायचा, तो दिगंबररावांनी दिला.

तेव्हा जोशीबुवांनी त्यांना बजावलं होतं, की हा माणूस पुढं कधी जिवंत आला तर तसाच उंबरा ओलांडू देऊ नका. तो मेलेला आहे. त्याचं नव्यानं बारसं करा, दुसरं नाव ठेवा, मगच घरात घ्या.

"आन् पुढच्याच उन्हाळ्यात हे घडलं," काकू म्हणाल्या.

ताडकळसच्या बाजारादिवशी एका खोलीत व्हिडिओ दाखवायचे. दिगंबरराव सुट्टीवर होते, ऊन फार म्हणून आत जाऊन बसले. पिक्चर होता मेलेल्याला उठवायचा. तांत्रिकानं राख फेकली, जमीन फाटली, मुडदा उठून बसला. तोंडावर हा एवढा चिखल आणि रबर. पण उठल्या उठल्या त्यानं एक डोळा मिटलेलाच ठेवला आणि डाव्या हातानं बाजूची माती चाचपली.

"रंगनाथभाऊजी झोपेतून उठले की तसंच करायचे," काकू म्हणाल्या. "एक डोळा बंद, आन् डाव्या हातानं गोधडी हुडकायची. परत पांघरायला. ह्यांनीच उठवायचं रोज शाळेसाठी. सगळी खोली किंचाळायली होती म्हणं, आन् हे एकटे उभे राहून म्हणायलेत, 'रंग्या, ऊठ. उशीर झाला.'"

नायकानं मशाल पेटवली तसे ते बाहेर निघून आले; ती कॅसेट मात्र त्यांनी व्हिडिओवाल्याकडून आपला ट्रान्झिस्टर देऊन घेतली. तोच आमचा तीन नंबर; नंबर माझ्या वहीतल्या क्रमानं पडलेत. पुढं मेलेल्यांना उठवायचा जो पिक्चर दिसेल तो ते आणत गेले, कुठं तरी तो पुन्हा दिसेल म्हणून. बाकीच्या तेरा कॅसेटींत दिसला नाही. रेल्वेच्या पासवर दोनदा मुंबईला जाऊन आले. स्टुडिओच्या दारोदार विचारलं: रंगनाथ नावाचा माणूस हाय का इथं? कोणी ऐकलेलं नव्हतं. एका फाटकावर वॉचमननं यांचं नाव-गाव विचारलं, यांनी सांगितलं, तर तो हसला. खेडवळ माणूस बघून हसला असेल, असं समजून हे परत आले.

"मग पिक्चरच्या सुरुवातीला नावं येतात, त्यात नाही?" मी विचारलं.

उत्तर आतून आलं. दिगंबरराव ऐकतच होते. "बघितली शंभरदा. हिरो हाय, हिरोईन हाय, तांत्रिक हाय. मुडद्याचं नाव कोण लिहितं, मॅडम?"

तर तो रविवार, ९ फेब्रुवारी.

सलीमभाई आले होते कारण व्हीसीआर कुरकुरत होता. या यंत्राचे भाग आता कुठे मिळत नाहीत. सलीमभाई इतर मेलेल्या मशीनींचे काढून बसवतात. "उठवनेका काम हमारा भी हाय, मॅडम," ते म्हणाले. "सिर्फ लिंबू नै लगते." त्यांनी झाकण उघडून आत काहीतरी पुसलं, झाकण लावलं, आणि म्हणाले, लावा.

मी हजेरी लिहिली. पिक्चर सुरू झाला. मुडदा उठला, एक डोळा मिटून, डाव्या हातानं माती चाचपत. इथं दिगंबरराव नेहमी काहीतरी पुटपुटतात, ते पुटपुटले. काकूंना पोळ्या टाकायच्या होत्या, म्हणून बटणाचं काम त्या दिवशी माझ्याकडे होतं. मुडदा हवेलीच्या दारात आला. नायकानं मशाल पेटवली. लाल झेंडी वर गेली. मी बटण दाबलं.

बटण आत गेलं आणि आतच राहिलं. पिक्चर चालूच. टीव्हीचं बटण तर कधीचंच मोडलेलं.

"मॅडम, थांबवा," दिगंबरराव म्हणाले.

"थांबत नाहीये, काका."

"इन्व्हर्टरसकट मेन बंद करा मग. काय बघायलात?"

मी कपाटामागच्या बोर्डाकडे धावले, तर सलीमभाईंनी हात आडवा घातला. "नक्को, नक्को. मधेच लाइट गेली तर फीत आत गुंडाळून बसंल. काढताना तुटंल. जुनी हाय, साब. चालू द्या. आपोआप सरंल, आपोआप बाहेर यील."

दिगंबररावांनी झेंडी खाली घेतली नाही. त्या कॅसेटीची दुसरी प्रत नव्हती, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. एकतर भाऊ जळताना बघायचा, नाहीतर भाऊ असलेली फीतच घालवायची. काकू पोळपाट टाकून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हाताला पीठ.

"चालू द्या," दिगंबरराव शेवटी म्हणाले. आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. झेंडी मांडीवर. "मी एकदा दिलाय अग्नी. दोनदा न्हाई."

आम्ही तिघांनी पाहिलं. नायकानं मशाल फेकली. मुडदा पेटला. भिंतीकडे बसलेल्या माणसाचे खांदे मला दिसत होते, म्हणून मी पडद्याकडेच नीट बघायचं ठरवलं. माझी नजर चुका शोधायला सरावलेली. मला लगेच दिसलं.

"काका, इकडे बघा."

"न्हाई."

"काका, हा तो नाहीये. बाही फाटलीय बघा. आत पेंढा आहे. डोक्याच्या जागी मडकं आहे. पुतळ्याला त्याचे कपडे घातलेत."

"हौ साब," सलीमभाई म्हणाले. "मडका फुट्या भी. बघा ना."

दिगंबरराव वळले. पडद्यावर पेंढा धडाधड जळत होता, एक पाय निखळून बाजूला पडला होता आणि त्यातून काडी बाहेर आली होती. ते बराच वेळ बघत राहिले.

"त्यांनी बी पुतळाच जाळला म्हणा की," ते म्हणाले. आणि हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत पिक्चर बघताना हसलेलं पाहिलं नव्हतं.

आम्ही हसत असतानाच पडदा काळा झाला आणि खालून पांढरी अक्षरं वर सरकायला लागली. किरकोळ लोकांची नावं. ती शेवटी असतात, आणि शेवट या घरात कोणी पाहिलेला नव्हता. नोकर: अमुक. टांगेवाला: तमुक. अक्षरं थरथरत होती, सलीमभाई टीव्हीला नाक लावून वाचत होते.

"मुर्दा," त्यांनी वाचलं, आणि थांबले. मागे वळून दिगंबररावांकडे बघितलं. "गार्डसाब, तुमी पिच्चरमधी काम केलं आन् आम्हाला बोलले नै?"

"काय बरळायलाय, सलीम?"

"लिहिलंय ना. मुर्दा: दिगंबर ताडकळस."

तेवढ्यात कॅसेट संपली. व्हीसीआरनं ती आपणहून बाहेर ढकलली, शाबूत. ती कोणी हातात घेतली नाही.

पहिल्यांदा काकूंना समजलं. "ओ," त्या म्हणाल्या, "तुमचा दाखला."

मलाही मग एकेक ओळ लागत गेली. नववी नापास पोराला वाटलं असणार, मुंबईत काम मागायला कागद लागतो. घरात कागद एकच होता, थोरल्याचा. तो घेऊन गेला. कागदावर नाव दिगंबर, गाव ताडकळस. मुंबईनं कागदावरचं नाव घेतलं आणि गावाचं आडनाव केलं.

"आन् मी विचारायलो होतो रंगनाथ कुठाय," दिगंबरराव म्हणाले. मग म्हणाले, "म्हणून तो वॉचमन हसला. त्यानं माझं नाव आधी ऐकलेलं होतं."

काकूंनी पिठाच्या हातानंच त्यांच्या मांडीवरची झेंडी उचलली आणि गुंडाळून ठेवली.

मी कामाला लागले. मला तेवढंच जमतं. सोमवारी मुंबईच्या एका किरकोळ कलाकारांच्या संघटनेला पत्र टाकलं: दिगंबर ताडकळस या नावाचा माणूस, वय सत्तरीच्या आसपास, झोपेतून उठताना एक डोळा मिटतो. स्टुडिओंचे पत्ते काढले, त्यांनाही पत्रं गेली. उत्तर कोणाचंच आलेलं नाही. तो असेल की नसेल, यावर आम्ही चर्चा करत नाही. दिगंबरराव म्हणतात, आधी तयारी. गाडी यायच्या आधी फलाट झाडून ठेवायचा असतो.

म्हणून बारशाची यादी केली. पाळणा: माळ्यावरून काढला, सलीमभाईंनी कड्या बदलल्या, सत्तरीचा माणूस त्यात मावणार नाही, पण नुसता पाय लावला तरी चालतं, असं ठरलं. घुगऱ्या: हरभरे निवडून डब्यात. कुंची: काकूंनी शिवली, दिगंबररावांच्या डोक्याचं माप घेऊन, कारण दोघा भावांची डोकी सारखी होती. नारळ, सुपारी, हळदकुंकू: आणलं. आत्या: ही अडचण होती. कानात नाव सांगायला आत्या लागते, आणि त्यांच्या घरात कोणी उरलेलं नाही.

"तुमीच व्हा की आत्या," दिगंबरराव मला म्हणाले. "हजेरी घेता, तर नाव बी तुमीच ठेवा."

मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि विचारलं, "नाव काय ठेवायचं? रंगनाथ चालणार नाही, तो जळाला. आणि दिगंबर म्हणावं तर एका घरात दोन दिगंबर होतील."

मला वाटलं होतं, त्यांच्याकडे नाव तयार असेल. इतकी वर्षं बारसं बारसं करणारा माणूस.

"त्याचं राहू द्या," ते म्हणाले. "चाळीस-पन्नास वर्षं त्या नावानं ओ देत आला असंल. म्हातारपणी कशाला बदलायचं? त्यानं आपलं बारसं आपणच करून घेतलं. मला दुसरं बघा."

"तुम्हाला?"

"पाळणा हायच तयार. कुंची बी माझ्याच मापाची हाय."

तेव्हापासून मी नावं सुचवते आहे. प्रकाश म्हटलं, तर "पोस्टमन वाटतो." अशोक म्हटलं, "गल्लीत तीन हायत, चौथा नको." भगवान म्हटलं, तर काकूच म्हणाल्या, डोक्यावर बसतील. परवा सलीमभाईंनी एक सुचवलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रविवार चालू आहेत. व्हीसीआरचं बटण सलीमभाईंनी मुद्दाम दुरुस्त केलेलं नाही. तीन नंबर आता शेवटापर्यंत लागतो. ती ओळ वर सरकून जाईपर्यंत दिगंबरराव उभे असतात. झेंडी हिरवी. मी वहीत 'गैरहजर' पुढे नाव भरलं आहे. आणि आजकाल गल्लीतून कोणी "दिगंबरराव" अशी हाक मारली, तर ते लगेच ओ देत नाहीत. आधी फाटकाकडे बघतात, दुसरं कोणी ओ देतंय का ते. मग देतात.

यादीत आता सात कामं आहेत. सहांपुढे, भावाच्या नावापुढेही, खूण झाली आहे. सातवं, दिगंबररावांसाठी नाव, अजून बाकी आहे.